सासूबाईंचे थेंब

मेहुणीच्या साखरपुड्यात चष्मा घालायचा नाही, एवढंच जयराजनं ठरवलं होतं. रहिमतपूरच्या नगरपालिकेत तो क्लार्क. पस्तीस वर्षांतले सगळे फोटो चष्म्यातले, त्यामुळे आपण खरे किती देखणे आहोत हे जगाला कळलंच नाही, असा त्याचा समज. म्हणून त्यानं कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या.

मोटरसायकलवरून फलटणला सासुरवाडीत पोचेपर्यंत धुळीनं डोळे चुरचुरायला लागले. फ्रीजमध्ये डोळ्यांच्या औषधाची बाटली दिसली. सासूबाईंची, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची. जयराजनं लेन्सवरच थेंब सोडले. (आधी लेन्स काढायची असते, हे त्याला ठाऊक होतं. पण घालायलाच पाऊण तास लागलेला, काढतंय कोण?)

उजव्या डोळ्याची आग आग झाली. डोळा मिटायचा, उघडायचा, परत मिटायचा. अशा अवस्थेत तो मांडवात आला, आणि नेमक्या समोर नवरदेवाच्या आत्या, सत्तरीच्या हरणाबाई.

"आवं, हे पावणं मला डोळा का मारत्यात?"

जयराज हात जोडून पुढं झाला, "आत्याबाई, तसं न्हाई वो..." आणि डोळा पुन्हा मिटला.

"बगा! परत!"

बायकोनं, संयोगितानं, त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि रिक्षात कोंबलं.

"अगं, लेन्स मागं सरकली वाटतं. मेंदूत गेली तर?"

"तिथं काय सापडणार हाय तिला?" संयोगिता म्हणाली, पण त्याचा हात तिनं घट्ट धरला होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर सबांनी लेन्स काढल्या, डोळे धुतले, मशीनवर तपासले.

"डोळा शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याचं औषध डोळ्यात घालतात का? ते लेन्समध्ये मुरतं. स्वतःचं औषध असलं तरी हात धुवायचे, लेन्स काढायची, थेंब टाकायचे आणि निदान पंधरा मिनिटं थांबायचं. आता लाली जाऊन मी तपासेपर्यंत लेन्स बंद. या तर फेकूनच द्या."

जयराजच्या जिवात जीव आला. त्यानं झाला प्रकार डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतला, सहीशिक्क्यासकट, आणि परतल्यावर भर पंगतीत हरणाबाईंपुढं धरला. "आत्याबाई, औषधानं डोळा मिटत होता. तुमच्याकडं बघून न्हवं."

हरणाबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कागद खिशात ठेवा, पावणं. सत्तरीत बी मला कोण डोळा मारतंय, म्हणून सगळ्या बायकांस्नी सांगून बसलेय मी."

संयोगितानं कागद घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावली.