यंत्र मुरवण्याची रीत

एबेर बेंतोस यांच्या हाती आलेली वस्तू बिघडत नाही. हे आम्ही म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात, आणि दिवसातून किमान दोनदा म्हणतात. दुरास्नोच्या नगरपालिकेत चौतीस वर्षं ते वजनकाटे तपासनीस होते. गावातल्या एकूण एक खाटकाचा, वाण्याचा काटा त्यांनी उलटा करून खालून पाहिलेला आहे. शेजारच्या विल्मार खाटकाच्या काट्याला तर चाळीस ग्रॅमच्या फरकावरून त्यांनी एकदा सील ठोकलं होतं, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच अंगणात बसून त्याच्याच हातचं भाजलेलं मांस खाल्लं होतं. नियम नियमाच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी!

अशा माणसाने सदुसष्टाव्या वर्षी गांजाची वाफ काढायचं यंत्र घेतलं, तेव्हा गल्लीला काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना करा.

यंत्र तळहाताएवढं, काळंभोर. वर ओढायची नळी, खाली बॅटरी, मध्ये बोटाच्या पेराएवढी झाकणाची कुपी. कुपीत चिमूटभर गांजा भरायचा, बटण दाबायचं, आणि पाला न जळता नुसता तापायचा. वाफ येते, धूर येत नाही. एबेर बेंतोस यांच्या गच्चीवर गांजाची, तिथल्या कायद्याला चालतात तशी, रीतसर नोंदवलेली सहा झाडं होती. सरकारी कागद त्यांनी चौकट करून भिंतीवर लावला होता, लग्नाच्या फोटोच्या वरच्या खिळ्याला. इतकी वर्षं ते विडी करून ओढत आणि सकाळी असे खोकत, की विल्मारचा कुत्रा भुंकायला लागे.

शेवटी बायकोने, म्हणजे सुल्माने, निर्वाणीचं सांगितलं. बहिणीच्या ऑपरेशनसाठी साल्तोला निघताना, बॅग दारात ठेवून.

"हे बघ म्हाताऱ्या, तीन आठवडे. मी परत येईन तेव्हा तुझं ते खेळणं चालू असलं आणि घरात धुराचा वास नसला, तर झाडं राहतील. नाहीतर सहाच्या सहा तुझ्या त्या गांजावाल्यांच्या क्लबला द्यायची. मी स्वतः उपटून देईन!"

"खेळणं?" एबेर बेंतोस कडाडले. "खेळणं म्हणतेस? अगं, याची निगा कशी राखतात ते तरी माहीत आहे का तुला?"

तिला माहीत नव्हतं, आणि तिची बस होती. मग ते त्यांनी गल्लीला सांगितलं. कुपी गच्च भरायची नाही. वापर झाला की गरम असतानाच ब्रशने झाडायची. रविवारी अल्कोहोलचा बोळा. जाळी महिन्याने बदलायची. पाणी? पाण्याचा थेंब नाही! अडीच आठवडे यंत्र नव्या नवरीसारखं जपलं. खोकला गेला. कुत्रा गप्प झाला. कपाळावर घाम न येता जिंकलेली ही आयुष्यातली पहिली लढाई आहे, असं ते विल्मारला म्हणाले.

आणि तेवढ्यात गुडघ्याच्या डॉक्टरने दोन दिवसांसाठी माँतेविदेओला बोलावलं.

घर राखायला पलीकडच्या गल्लीतून सासूबाई आल्या. ओफेलिया, सगळ्यांच्या दोन्या, म्हणजे बाईसाहेब, वय अठ्ठ्याऐंशी, पाठ ताठ, जिभेला हाड नाही. एबेर बेंतोस आणि त्या यांच्यात चाळीस वर्षं थंड युद्ध चालू होतं. कारण दोघांनाही आठवत नव्हतं, म्हणून मिटवताही येत नव्हतं.

त्याच आठवड्यात झाडांचं पीक वाळून तयार झालं होतं. आता वाळलेला गांजा काचेच्या बरणीत भरून मुरवावा लागतो. लोणच्यासारखाच म्हणा ना! रोज झाकण उघडून हवा द्यायची, आत थोडा ओलावा राहतोय ना ते पाहायचं. बस सुटायला वीस मिनिटं होती. एबेर बेंतोस यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बरणी ठेवली, शेजारी नुकतंच पुसलेलं यंत्र ठेवलं, आणि दोन्हींच्या मधोमध तपासनिसी अक्षरात चिठ्ठी ठेवली:

"नवीन आहे. मुरवायचं आहे. रोज झाकण उघडून पाहणे. ओलावा टिकला पाहिजे. आत गच्च भरू नये. ए. बें."

गुरुवारी दुपारी ते परतले. दारातच सासूबाई उभ्या होत्या. हसत होत्या! चाळीस वर्षांत हा प्रकार नव्हता.

"ये बाळा. गुडघा कसा आहे? तुझं काम चोख झालंय बघ. असं मुरलंय, असं मुरलंय, की सात पिढ्या टिकेल."

टेबलावर बरणी नव्हती. यंत्र होतं, उताणं, बशीत. कुपीतून हिरवा लगदा वर आला होता आणि बॅटरीच्या फटीतून हिरवं पाणी बशीत ठिबकत होतं.

एबेर बेंतोस बशीवर वाकले. मग सासूबाईंकडे वळले.

"काय?"

"काय म्हणजे? मुरवलं!"

"कशाने?"

"येर्बाने! आणखी कशाने मुरवतात? लोण्याने?"

इथे आता सासूबाईंची बाजू सांगायलाच हवी. दुरास्नोत ज्या घरात माणूस आहे, त्या घरात माते आहे. येर्बाचा कडू पाला तुंब्यात भरायचा, गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. नवा तुंबा आणला, की ओल्या येर्बाने भरून दोन दिवस मुरवायचा, अधूनमधून पाणी घालायचं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समोर नवी वस्तू. पाला भरायची वाटी आहे. ओढायची नळी आहे. आणि चिठ्ठीत लिहिलंय, नवीन आहे, मुरवायचं आहे. मग?

"मला वाटलं, हल्लीच्या पोरांचं बॅटरीवालं माते असेल," सासूबाई म्हणाल्या. "आपोआप पाणी गरम ठेवणारं. आणि ती गवताची बरणी कशाला ठेवली होतीस टेबलावर? कपाटात टाकली मी."

"अहो दोन्या ओफेलिया! पाणी? यात पाणी घातलंत तुम्ही?"

"ओलावा टिकला पाहिजे, असं कोणी लिहिलंय? मी? दर चार तासांनी गजर लावून पाणी घातलं. झाकण उघडून पाहा म्हणालास, पाहिलं. गच्च भरू नये म्हणालास, तर चहाच्या चमच्याने मोजून भरली येर्बा. आता आणखी काय करायचं होतं, अंगाई म्हणायची होती?"

एबेर बेंतोस यांनी चिठ्ठी उचलली. चष्मा लावून वाचली. चष्मा काढून वाचली. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना दंड केला होता तो 'लिहिलेलं नीट वाचत नाही' या एका कारणासाठी. आणि या बाईने लिहिलेल्या शब्दाचा काना-मात्रासुद्धा मोडला नव्हता! ओरडायचं तरी कोणावर? संताप छातीत असा कोंडला, की गुडघा दुखायचा थांबला.

"छान झालंय," ते म्हणाले. आणि मोरीत जाऊन टॉवेल तोंडात धरून ओरडले.

बॅटरी काढून पुसली, तर ती शाबूत निघाली. पण बाकीचं यंत्र? बटण दाबलं की आतून बेडूक बोलल्यासारखा आवाज येई. सुल्मा शनिवारी चारच्या बसने येणार होती. म्हणजे हातात दोन दिवस, आणि डोक्यावर सहा झाडं.

"ओली वस्तू तांदळात पुरतात," विल्मारने कुंपणावरून सांगितलं. शुक्रवारभर यंत्र तांदळात पुरलं. तांदळाने ओल शोषली, हे खरंच. पण जे दाणे कुपीत शिरले ते तिथेच फुगले. संध्याकाळी एबेर बेंतोस टाचणीने यंत्रातून एकेक शीत काढत बसले होते.

"मीठ घातलं असतं तर जेवण झालं असतं," सासूबाई म्हणाल्या. चिडवत नव्हत्या, खरंच हळहळत होत्या. त्यामुळे तर जास्तच अंगाचा तिळपापड झाला.

शनिवारी सुल्माच्या स्वागताला मांस भाजायचं ठरलं होतं. भाजायची चूल मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. विल्मार तीन वाजताच चिमटा घेऊन हजर झाला.

"द्या इकडे, शेजारी. चुलीच्या कोपऱ्यातली वीट बघा, नुसती कोमट आहे. अर्ध्या तासात हाडासारखं कोरडं होईल."

"किती कोमट?"

"मी चाळीस वर्षं भाजतोय. तुम्ही मला उष्णता शिकवणार?"

एबेर बेंतोस यांनी बॅटरी खिशात ठेवली, तेवढी अक्कल शाबूत होती, आणि रिकामं यंत्र विटेवर ठेवलं. आणि मग, देव जाणे का, ते अंगणातून आत गेले. बरणी शोधायला. सासूबाईंनी ती कुठल्या कपाटात टाकली होती हे सासूबाईंनाच आठवत नव्हतं. तिसऱ्या कपाटात, पिठामागे, ती सापडली आणि त्यांनी सुटकेचा श्वास घेतला. श्वासात धूर होता.

विल्मारकडचं कोरडं सरपण संपलं होतं. त्याने निलगिरीची ओली लाकडं टाकली होती, आणि वारं नेमकं घराच्या दिशेने फिरलं होतं. स्वयंपाकघर भरलं. बैठकीची खोली भरली. भिंतीवरचा सरकारी कागद दिसेनासा झाला.

"विल्मार! माझं यंत्र!"

"काळजी नको, शेजारी! एका बाजूने झालंय, आत्ताच उलटवलं!"

उलटवलं होतं! चिमट्याने! दोन सॉसेजच्या मधे, विटेवर नव्हे तर थेट जाळीवर ठेवून! विटेवर जागा नव्हती म्हणे, तिथे ढोबळ्या मिरच्या ठेवल्या होत्या. नळी वितळून खाली लोंबत होती आणि कुपीत उरलेली येर्बा मन लावून जळत होती.

"माणूस आहेस की सैतान?" एबेर बेंतोस गरजले. "चाळीस ग्रॅमचा सूड घेतोस?"

"कसले चाळीस? अडतीस होते!"

त्याच क्षणी पुढचं दार उघडलं. साल्तोची बस आयुष्यात पहिल्यांदा लवकर आली होती.

"म्हाताऱ्या!" धुरातून सुल्माचा आवाज आला. "धूर! दारातून धूर येतोय, आणि तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलाय!"

"सुल्मा, शपथेवर सांगतो, मी एक झुरकासुद्धा..."

"यंत्र कुठे आहे?"

विल्मारने चिमट्याने यंत्र उचलून दाखवलं. त्यातून चरबी ठिबकली.

सुल्माने बॅग खाली ठेवली. ओरडली नाही, हेच वाईट होतं. "सोमवारी झाडं जातील," एवढंच म्हणाली.

एबेर बेंतोस यांचं सगळं अंग पेटलं. आयुष्यात अनेकदा ते गुन्हा करून सुटले होते. आता काडीचा गुन्हा नसताना शिक्षा? अडीच आठवडे ब्रश, बोळे, जाळ्या, आणि त्याचं हे फळ? ते बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"झाडं कुठे जात नाहीत. यंत्र मी बुडवलं. लिहिलेलं होतं तसंच केलं, पण बुडवलं मीच. आणि हा माणूस गुरुवारपासून मला एक वाकडा शब्द बोललेला नाही. टॉवेलात ओरडला, मी ऐकलं. पण टॉवेलात! तुझा बाप कधी टॉवेलापर्यंत गेला होता का? आणि तुला याचा खोकला घालवायचा होता ना? ऐक मग."

सगळे ऐकू लागले. धूर तर घशात घुसत होता. आधी विल्मार खोकला. मग सुल्मा. मग कुत्रा. मग सासूबाई स्वतःच, पदराएवढ्या रुमालात. एबेर बेंतोस मात्र खोकले नाहीत. ओठ घट्ट मिटून, आधी लाल, मग जांभळे होत, सहा झाडं डोळ्यांपुढे धरून उभे राहिले. मिनिटभर! डोळ्यांतून धारा लागल्या.

सुल्मा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"बरं, सोड आता श्वास," ती म्हणाली. "मरशील. झाडं राहू देत. नवं यंत्र आण, आणि आईपासून लांब ठेव."

एबेर बेंतोस अंगणाच्या टोकाला जाऊन निवांत खोकून आले.

धूर ओसरल्यावर सगळे चुलीभोवती बसले. सासूबाईंनी माते केलं आणि पहिला तुंबा, सुल्माला नाही, विल्मारला नाही, जावयाला दिला. एबेर बेंतोस यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. या बाईबद्दल आपण चाळीस वर्षं काय काय बोललो ते सगळं आठवलं. ते माते त्यांनी घुटक्याघुटक्याने, तळाशी नळी वाजेपर्यंत संपवलं. तुंबा परत केला आणि भरल्या आवाजात, मनापासून म्हणाले:

"आभारी आहे, दोन्या ओफेलिया."

सुल्माने कपाळावर हात मारला. तिथे तुंबा परत देताना आभार मानले, की त्याचा अर्थ एकच होतो, 'पुरे, आता मला नको'. पिणारा माणूस आभार मानत नाही, नुसता तुंबा परत देतो आणि पुढच्या फेरीची वाट पाहतो.

"एवढ्यातच?" सासूबाई म्हणाल्या. "बरं."

त्यांनी तुंबा भरला आणि विल्मारला दिला. मग सुल्माला. मग पुन्हा विल्मारला.

"अहो, मी ते... तसं नाही... मी खरोखरचे आभार मानले हो!" एबेर बेंतोस उसळून म्हणाले. माँतेविदेओत दोन दिवस नुसती हॉटेलातली पिचकवणी कॉफी, आणि परतल्यापासून यंत्राच्या धावपळीत मातेचा घोटही नाही. जीव कासावीस झाला होता.

सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर मायेने थोपटलं.

"कळलं रे बाळा. मीही मनापासूनच घेतले," त्या म्हणाल्या, आणि तुंबा त्यांच्या नाकासमोरून विल्मारच्या हातात दिला.