निकमांच्या घरचे अर्थसंकल्पी अधिवेशन

मधुकर निकम दर महिन्याला आपल्या घराचा अर्थसंकल्प मांडत. मांडत म्हणजे उभे राहून, भाषण करून मांडत. पगारानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता ते इस्त्री केलेला शर्ट घालून आतल्या खोलीतून बाहेर येत. हातात जेवणाच्या डब्याची पिशवी असे आणि पिशवीत कागद. उंबऱ्यात ते क्षणभर थांबत आणि पिशवी थोडी वर धरत. दिल्लीत अर्थमंत्री असेच थांबतात, छायाचित्रकारांसाठी. निकमांकडे छायाचित्रकार नव्हता. थांबण्यात मात्र त्यांनी कधी कसूर केली नाही.

आम्ही पुण्याला विश्रांतवाडीत एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होतो. मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो, त्यामुळे रविवारी सकाळी दहाला माझी मध्यरात्र असे. पहिल्या अधिवेशनाच्या दिवशी त्यांनी माझी बेल वाजवली.

"चला पत्रकार. कामकाज खोळंबलंय."

"कसलं कामकाज?"

"घरचं. लोकशाहीत वृत्तपत्रं लागतात. चहा मिळेल, अर्धा कप."

पत्रकार कक्ष म्हणजे चपलांच्या रॅकशेजारचे स्टूल. सभापतिपदी निकमांचे वडील होते. अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले आणि कानाने जवळजवळ गेलेले. सभापतीला ऐकू न येणे ही निःपक्षपातीपणाची हमी आहे, असे निकमांचे मत होते. अण्णांपुढे देवघरातली घंटा ठेवलेली असे. नात अश्विनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारी, की ते घंटा वाजवून "मंजूर" म्हणत. अश्विनी तेव्हा शाळेत होती आणि सभागृहातली एकमेव अपक्ष सदस्य होती. तिचे मत कोणत्याही बाजूला जाऊ शके आणि नव्या सॅंडलच्या आश्वासनावर ते दोनदा गेलेही.

विरोधी पक्षनेत्या सुलभाताई, म्हणजे सौ. निकम. त्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसत आणि भाजी निवडत कामकाजात भाग घेत. गॅसवर कुकर असे. शिट्टी सुरू झाली की निकम बोलणे थांबवून जाहीर करत, "सभागृह तीन शिट्ट्यांसाठी तहकूब."

भाषणाची सुरुवात जागतिक परिस्थितीने होई. खनिज तेल कुठे महागले, रुपया किती घसरला, हे सांगून ते रेशनच्या रॉकेलवर येत. "सभागृहाला विश्वासात घेऊन सांगतो," हे त्यांचे पालुपद. गूळ महागला हेही ते सभागृहाला विश्वासात घेऊन सांगत आणि पोस्टकार्डे संपली हेही.

"या महिन्यात तूरडाळीसाठी तरतूद वाढवावी लागत आहे."

"कपात सूचना," दारातून आवाज येई. "डाळ आहे तेवढीच आणा. पाणी वाढवते."

"विरोधी पक्ष जनतेला पाणी पाजणार काय?"

"जनतेला परवा आमटी घट्ट झाली म्हणून ढेकर आले होते. जनतेनंच सांगितलं."

लग्नातल्या आहेरांची चर्चा परराष्ट्र धोरणाखाली होई. समोरच्याने आपल्याकडे काय दिले होते, तेवढेच परत द्यायचे, हे त्या धोरणाचे सूत्र. महिन्याच्या उत्तरार्धात अचानक आलेला पाहुणा ही पुरवणी मागणी असे. एकदा निकमांचे एक दूरचे मामेभाऊ न कळवता जेवायला आले. ते बाहेर दिवाणावर बसलेले असताना आतून निकमांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "पाव किलो श्रीखंडाची पुरवणी मागणी सभागृहापुढे ठेवतो." मामेभाऊ नंतर नेहमी कळवून येत.

त्यांनी वर्तमानपत्र बंद केले होते. माझे वाचत. सकाळी दाराशी पडलेले उचलत आणि मी उठायच्या आत पुन्हा ठेवत. घडी आमच्या पेपरवाल्यापेक्षा नीट असे. स्कूटर खाली पार्किंगमध्ये आच्छादनाखाली उभी होती. पेट्रोलची तरतूद शून्यावर आणल्यापासून निकम कारखान्याच्या बसने भोसरीला जात. बस मुख्य रस्त्यावरून सुटे, तिथपर्यंत चालत. दसऱ्याला मात्र त्या न चालणाऱ्या स्कूटरला हार घातला जाई.

माझ्या चहातली साखर एका अधिवेशनात निम्मी झाली. मी निषेध नोंदवला, हा वृत्तपत्रस्वातंत्र्यावर घाला आहे म्हणालो.

"तुम्ही दिवसा झोपता, भाऊजी," सुलभाताई म्हणाल्या. "झोपणाऱ्या माणसाला साखर कशाला?"

हा सगळा खटाटोप कर्जासाठी होता. निकम एका कारखान्याच्या टाइम-ऑफिसात हजेरी नोंदवणारे कारकून होते. नव्या कंपन्या, नव्या योजना रोज निघत होत्या, तेव्हाची गोष्ट. एक एजंट रंगीत पुस्तिका घेऊन कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आला. सागाची झाडे लावणारी कंपनी होती. पैसे आज भरायचे, झाडे वाढत राहणार, तुम्ही झोपलात तरी वाढणार. निकमांनी पतपेढीचे कर्ज काढले, दोघा सहकाऱ्यांकडून हातउसने घेतले आणि उरलेले पैसे सुलभाताईंच्या भावाकडून आणले. तो फलटणला असे. त्याला सगळे दादा म्हणत. निकमांनी दादाला एकच अट घातली, सुलभाला सांगायचे नाही. पुढे कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागले. ती बातमी आमच्याच दैनिकात होती. सुलभाताईंनी ती जेवताना मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "बघा, लोक कसे फसतात." निकमांचा घास तसाच राहिला. त्यावरून सुलभाताईंना कळले; दादाचे नाव पुढे देण्याच्या यादीत दिसले.

हे मला निकमांनीच जिन्यात सांगितले. मी विचारले होते, ही अधिवेशने कशासाठी? एका कागदावर आकडे लिहून भिंतीला लावले तर चालणार नाही का?

"पत्रकार, एक सही मी कोणाला न विचारता केली," ते म्हणाले. "आता साखरसुद्धा सगळ्यांसमोर विचारून आणतो." मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पुढे जोडले, "आणि साधं विचारायला गेलो तर मला बोलता येत नाही. भाषण येतं."

निकमांकडे फोन नव्हता. त्यांचे निरोप माझ्याकडे येत. दर भाऊबीजेला सकाळी फलटणहून फोन येई. मी समोरचे दार वाजवी आणि सुलभाताई पदराला हात पुसत येत. त्या उभ्यानेच बोलत.

"नाही रे दादा, यंदा नाही जमत. ह्यांना सुट्टी नाही... हो, पुढच्या वर्षी नक्की... तुझा खोकला कसा आहे?"

कारखाना त्या दिवशी बंद असे, हे मला माहीत होते. निकम त्या वेळी खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसत असत. पुसण्यासारखे तिच्यावर काही नसे. फोन ठेवल्यावर सुलभाताई मला एकदाच म्हणाल्या, "त्याचे पैसे दिल्याशिवाय त्याच्या दारात ओवाळायला कशी उभी राहू, भाऊजी? तो काही म्हणणार नाही. तेच अवघड आहे."

सभागृहात मात्र त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही. तेलावर बोलल्या, साबणावर बोलल्या, अण्णांच्या तपकिरीवर सभात्याग करून चहा बंद केला. भावाबद्दल अवाक्षर नाही.

वर्षे गेली. शेजारच्या इमारतींवर केबलच्या वायरी आल्या, मग मोबाइलचे मनोरे आले. निकमांनी केबलचा प्रस्ताव तीनदा फेटाळला आणि अश्विनीच्या संगणकाच्या क्लासचा एकदाही नाही. क्लासच्या फीसाठी सुलभाताईंनी कपात सूचना न मांडता तीन महिने शेजारणींच्या साड्यांना फॉल लावले. पतपेढीचे हप्ते संपले. त्या दिवशी अण्णांनी सांगण्याआधीच घंटा वाजवली, कारण सगळे हसताना त्यांना दिसले. मग दोघे सहकारी फिटले. अश्विनी पदवीधर झाली आणि खराडीत नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका आयटी कंपनीत लागली. तिला न्यायला सकाळी गाडी येई. निकम गच्चीतून ती गाडी वळेपर्यंत पाहत आणि मग स्वतःच्या बससाठी चालू लागत.

दिवाळीच्या आधीचे अधिवेशन होते. मी स्टुलावर होतो. निकम उंबऱ्यात थांबून पुढे आले, रुपयाच्या घसरणीवर बोलू लागले. अश्विनीने हात वर केला.

"बाबा, मामाचे पैसे मी देते. आता तेवढंच राहिलंय ना? माझ्या या पगारातून आणि बोनसमधून होतंय."

निकम हसले. "सन्माननीय सदस्यांच्या भावना समजू शकतो. परंतु हे सभागृह परकीय मदत स्वीकारत नाही."

"मी परकी?"

"तांत्रिकदृष्ट्या—"

"ती घरातलीच आहे," दारातून सुलभाताई म्हणाल्या. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली होती. "परकी ती झाडं होती."

झाडे हा शब्द त्या खोलीत इतक्या वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. कुकरची शिट्टी झाली. सभागृह तहकूब झाले नाही. निकम अर्थसंकल्प मांडताना कधी बसत नसत. ते दिवाणावर बसले.

"विरोधी पक्षाने हा प्रश्न आजवर विचारला नव्हता," ते म्हणाले.

"मी कशाला विचारू? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग ते बोलू लागले. आवाज भाषणाचा नव्हता.

"पतपेढी पगारातूनच कापून घ्यायची. ऑफिसातले जाधव गेटवर गाठायचे, चार माणसांत विचारायचे. शेळके तर घरी यायचे. तुझ्या भावानं एकदाही विचारलं नाही. म्हणून तो शेवटी राहिला. ओरडणाऱ्यांना आधी देत गेलो. खरं तर पहिल्यांदा त्याचेच द्यायला हवे होते, सुलभा. दर महिन्याला यादी करताना कळायचं. दर महिन्याला त्याचं नाव खाली जायचं."

खाली रस्त्यावरून आळंदीची बस गेली. अण्णा एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

"झालं सांगून?" सुलभाताई म्हणाल्या. "एवढ्यासाठी माणूस इतकी वर्षं रॉकेलवर बोलतो." त्यांनी नाक पदराने पुसले आणि आवाज पूर्ववत केला. "पोरीचे पैसे कर्ज म्हणून घ्या. व्याजासकट फेडा."

"आई, व्याज कशाला?"

"अपक्षांनी मध्ये बोलू नये."

निकमांनी मान हलवली. प्रस्ताव मान्य झाला, असे मी धरले. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढून कागदावर काहीतरी लिहिले आणि बसल्या जागेवरूनच वाचले.

"एक पुरवणी मागणी आहे. भाऊबीज. स्वारगेट ते फलटण, एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट. एक."

"एकच?"

"तुझं."

"आणि पैसे दादाच्या हातात कोण देणार?"

"तूच दे. मी तिथे जाऊन काय बोलू? मला सुचत नाही." तूरडाळीवर अर्धा तास बोलणारा माणूस हे सांगत होता. "तुझ्या इतक्या वर्षांच्या भाऊबिजा माझ्यामुळे गेल्या. आता ही तरी तुझी तू नीट कर. मी इथे अण्णांजवळ थांबतो."

सुलभाताईंनी आजवर अर्थसंकल्पातली एकही रक्कम वाढवलेली माझ्या पाहण्यात नव्हती. त्यांनी कमी केलेल्या रकमांची गणती नव्हती.

"दुरुस्ती सुचवते," त्या म्हणाल्या. "तिकिटं दोन."

"सुलभा—"

"तिथे भाषण करायचं नाही. काही बोलायचंच नाही. मी दादाला ओवाळीन तेव्हा शेजारच्या पाटावर बसा. जेवायला वाढतील ते जेवा. दुसऱ्या दिवशी परत येऊ. अण्णांना अश्विनी बघेल."

अश्विनीने अण्णांच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांनी घंटा उचलली, पण वाजवली नाही.

"कशाला मंजुरी देतोय मी?" त्यांनी विचारले. हा प्रश्न सभापतींनी प्रथमच विचारला होता.

अश्विनी त्यांच्या कानाशी ओरडली, "आईबाबा फलटणला जातायत! मामाकडे! भाऊबीजेला!"

अण्णांनी मुलाकडे पाहिले, मग सुनेकडे. त्यांनी घंटा वाजवली, खूप वेळ वाजवली.

"रिकाम्या हातानं जाऊ नका," ते म्हणाले. "पोरंबाळं असतील त्याची."

"पेढ्यांची तरतूद करतो," निकम म्हणाले. "पाव किलो."

"अर्धा," सुलभाताई म्हणाल्या.

निकमांनी पेन्सिल घेतली. ते दिवाणावरून उठले, खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि मेथीच्या काड्यांमध्ये खाली बसून त्यांनी गुडघ्यावर कागद धरून आकडा बदलला. सुलभाताईंनी पाट थोडा सरकवला आणि त्यांना जागा करून दिली.