कंसाची कळ

सकाळी सव्वादहाला फोन वाजला तेव्हा पुस्तिकाबाई दुसरा चहा घेत होत्या. इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवणाऱ्या त्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून सगळे त्यांना पुस्तिकाबाई म्हणत. एकदा नवऱ्यानेही चुकून तशीच हाक मारली होती. तक्रारींचे फोन खरं तर खालच्या मजल्यावर जायचे, पण तिथल्या मुलीने हात टेकले आणि हा फोन वर जोडून दिला.

"मी दंतवैद्य बोलतोय," पलीकडचा आवाज दबका होता. "माझ्याच दवाखान्याच्या दाराबाहेर उभा आहे. आत खुर्चीत पेशंट आहे."

"मग त्यांना सांगा ना आतून उघडायला."

"त्यांच्या तोंडात कवळीचा साचा आहे हो. तीन मिनिटांत काढायचा होता, आता सात झाली. कुरिअरचं पाकीट घ्यायला बाहेर आलो आणि दार लागलं. खुर्ची पार मागे आडवी केलीय, त्यांना उठताही येत नाही."

आतून कुणीतरी 'अं, अं' करत असल्याचं बाईंना फोनवरही ऐकू आलं.

"तुम्ही कुलपावर काय टाइप केलंत?"

"पुस्तिकेत आहे तस्संच. 'उघड' आणि पुढे 'तुमचा-पासवर्ड'. पाच वेळा टाकलं. लाल दिवा लागतो."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "डॉक्टर, पासवर्ड ठेवताना काय टाकलं होतंत?"

"तेही पुस्तिकेत होतं तेच. 'ठेव नवा-पासवर्ड'."

"मग आता 'उघड नवा-पासवर्ड' टाका."

टकटक झाली, कुलूप किणकिणलं आणि 'अं, अं' एकदम मोठं झालं. दंतवैद्य आत धावले, पण जाता जाता त्यांनी विचारलंच, "बाई, माझा पासवर्ड तुम्हाला कसा कळला?"

बाईंनी फोन ठेवला आणि पुस्तिकेची प्रत काढली. ती त्यांनी दोन महिने खपून लिहिली होती. कुलपाला द्यायचे हुकूम त्यांनी करड्या चौकटीत घातले होते; ते जसेच्या तसे टाइप करायचे. जिथे ग्राहकाने स्वतःचा शब्द घालायचा, तिथली अक्षरं तिरकी केली होती. लहान मुलालाही चुकता येणार नाही अशी ती पुस्तिका होती. पण छपाईला जायच्या आदल्या दिवशी साहेबांना वाटलं की पुस्तिका कुलपाच्या इवल्याशा पडद्यावरच दिसली पाहिजे. त्या पडद्याला साधा मजकूर तेवढा कळायचा. साहेबांनी स्वतः साध्या मजकुरात बदलणारं 'एक्सपोर्ट'चं बटण दाबलं आणि करड्या चौकटी गेल्या, तिरकी अक्षरं सरळ झाली.

"साहेब, आता हुकूम कुठला आणि भरायची जागा कुठली, ते कळणार नाही," बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"अक्षरं तीच आहेत ना? एक तरी कमी झालंय का?"

एकही कमी झालं नव्हतं, त्यामुळे पुस्तिका तशीच कुलपांवर गेली होती.

दुपारपर्यंत असे एकोणीस फोन आले. एक शिवणकाम करणारी बाई, एक घड्याळजी, एक गाण्याचे शिक्षक. सगळे आपापल्या दाराबाहेर उभे आणि सगळ्यांचा गुप्त शब्द एकच. बाईंनी साहेबांच्या खोलीत जाऊन हे सांगितलं तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

"लोकांना अक्कल राहिली नाही," ते म्हणाले. "'नवा-पासवर्ड' म्हणजे स्वतःचा नवा पासवर्ड, हे सांगावं लागतं?"

"साध्या मजकुरात खुणेसाठी टोकदार कंस घालतात, साहेब. भरायची जागा कंसात. आणि वर एक ओळ, की कंसासकट तो शब्द काढून तिथे आपला शब्द लिहावा. शेजारी एखादं भरलेलं उदाहरणही हवं."

"कंस घाला. वरची ओळ नको आणि उदाहरणही नको, पडदा चार ओळींचा आहे."

कंस घालून पुस्तिका पुन्हा सगळ्या कुलपांवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिला फोन आला.

"तुमच्या कुलपावर कंसाची कळच नाही," घड्याळजी म्हणाले. "मला तो टोकदार कंस टाकायचाय."

"तो टाकायचा नसतो."

"मग लिहिलाय कशाला?"

बाईंनी त्यांना समजावलं. घड्याळजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण कळ कधी बसवून देताय?"

आठवड्याभरात कंसाच्या कळेबद्दल बत्तीस तक्रारी जमल्या. साहेबांना तक्रारींचा आकडा फार आवडायचा, कारण आकड्यावर बैठक घेता येते. बैठकीत बाईंनी पुन्हा ती एका ओळीची गोष्ट काढली. साहेबांनी इंजिनीअरकडे पाहिलं.

"कळ बसवायला किती दिवस लागतील?"

"दोन कळा लागतील, साहेब. एक उघडणारा कंस, एक मिटणारा. तीन आठवडे."

"बसवा. ग्राहक मागतोय ते द्यायला आपण बसलोय."

बाईंनी इंजिनीअरकडे पाहिलं, इंजिनीअरने वहीकडे पाहिलं. तीन आठवड्यांनी दोन कळा वाढवलेलं नवं मॉडेल आलं आणि पहिलं कुलूप साहेबांनी स्वतःच्या खोलीला लावून घेतलं. दाराजवळ उभं राहून, कुणाला दिसू नये म्हणून पाठ आडवी धरून, त्यांनी पासवर्ड ठेवला.

त्याच दिवशी दुपारी एक मोठ्या ग्राहक येणार होत्या. त्या ज्येष्ठ नागरिकांच्या निवासाच्या व्यवस्थापिका होत्या आणि त्यांना चाळीस कुलपं हवी होती. वर्षभरात एवढी मोठी मागणी आली नव्हती. ती मिळाली नाही तर पुस्तिकेचं काम बाहेरून करून घेऊ, असं साहेब कुठेसं बोलल्याचं बाईंच्या कानावर आलं होतं. करारनामा साहेबांच्या खोलीत होता. पाहुण्यांसमोर साहेबांनी ऐटीत दारावर टाइप केलं. लाल दिवा लागला. पुन्हा केलं. पुन्हा लाल.

"कुलपात बिघाड दिसतोय," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "इंजिनीअरला बोलवा."

इंजिनीअर बाहेरगावी होता. बाई आल्या. त्या हलकेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आता काय टाकलंत?"

"ते गुप्त असतं, बाई."

"बरं. मी एकदा बघू?"

त्यांनी 'उघड' टाइप केलं. मग उघडणारा कंस, 'नवा-पासवर्ड' आणि मिटणारा कंस. कुलूप किणकिणलं आणि दार उघडलं.

साहेब स्वतःच्या बुटांकडे बघत होते. व्यवस्थापिका मात्र कुलपाच्या जवळ गेल्या आणि चष्मा लावून पडद्यावरची पुस्तिका वाचू लागल्या.

"म्हणजे ही पुस्तिका वाचून जो पासवर्ड ठेवेल, त्याचं कुलूप तुम्हाला उघडता येतं?"

"बहुतेकांचं," बाई खरं ते बोलल्या. आपली नोकरी आता गेलीच, असं त्यांना वाटलं.

"आमच्याकडचे आजोबा आतून कुलूप लावून झोपतात," व्यवस्थापिका म्हणाल्या. "पासवर्ड सांगत नाहीत, आम्ही विचारला तर रागावतात, आणि स्वतः विसरतात. गेल्या महिन्यात एकाचं दार फोडावं लागलं. हे कुलूप बरं आहे. त्यांना वाटेल आपलं गुपित आहे, आणि आमची काळजी मिटेल. चाळीस द्या. पण पुस्तिकेतलं एक अक्षर बदलायचं नाही."

सही झाली. व्यवस्थापिका गेल्यावर साहेब बराच वेळ टेबलावरचे कागद सरळ करत बसले. मग उठून दाराशी येत म्हणाले, "बाई, माझा पासवर्ड तेवढा बदलून द्या. मला शिकवा, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको."

"सोपं आहे, साहेब. 'ठेव' टाका. कंस टाकायचे नाहीत. आणि पुढे तुमच्या मनातला शब्द."

"एवढंच?"

"एवढंच. मी तोंड फिरवते, तुम्ही टाका."

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मागून बराच वेळ एका बोटाने टकटक ऐकू येत राहिली. एका शब्दासाठी ती जरा जास्तच चालली आहे, असं त्यांना वाटून गेलं. हिरवा दिवा लागला. साहेबांनी मनापासून आभार मानले आणि पुस्तिकेचं काम बाहेर द्यायचा आपला विचार कधीच नव्हता, असंही न विचारता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिना चढून आल्या तेव्हा साहेब डबा हातात घेऊन स्वतःच्या दाराबाहेर उभे होते.

"लाल दिवा लागतोय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मनातले सगळे शब्द टाकून पाहिले."

बाईंनी क्षणभर विचार केला. मग पर्स खांद्यावरून न काढताच त्या कुलपापाशी गेल्या आणि 'उघड'च्या पुढे त्यांनी सावकाश 'तुमच्या मनातला शब्द' असं टाइप केलं.

दार उघडलं.