घोडटेकडीच्या रिपीटरची उचकी

माळवंड हौशी रेडिओ मंडळाच्या घोडटेकडीवरच्या रिपीटरला मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता उचकी लागली.

मंडळाच्या सचिव प्रमिलाताई हसबनीस यांनी ती घरच्या सेटवर ऐकली. त्या तेव्हा मेथी निवडत होत्या. वाहिनीवर कुणीही बोलत नव्हतं, आणि तरी 'हिक्' झालं. ताईंनी नोंदवहीत वेळ लिहिली आणि पुन्हा मेथीला लागल्या. उचकी काय, कुणालाही लागते. अकरा वाजेपर्यंत एकोणचाळीस झाल्या, तेव्हा मात्र त्यांनी परात बाजूला सारली.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की रिपीटर म्हणजे डोंगरावर बसवलेली एक पेटी. खालच्या वाडीतला माणूस हातातल्या छोट्या सेटवर बोलतो, त्याचा आवाज टेकडीपलीकडे पोचत नाही. पेटी तो ऐकते आणि तेच शब्द मोठ्याने पुढे सांगते. लांबलचक पंगतीत मधला एखादा काका 'तिकडे मठ्ठा पाठवा रे' असं ओरडून पोचवतो ना, तेच काम. स्वतःच्या मनाचं काही बोलायचं नाही, ही नोकरीची अट. माळवंडच्या रिपीटरने ती सोळा वर्षं इमानेइतबारे पाळली होती.

तो प्रमिलाताईंनी जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने बांधला होता. रोज संध्याकाळी सहाला त्याच्यावर अकरा माणसं जमत. कुणी घाटातल्या वाडीत, कुणी धरणाच्या वसाहतीत, कुणी एकट्याने चौकी सांभाळणारा. पाणी आलं का, म्हैस व्याली का, याच्यापलीकडे फारसं बोलणं नसे. पण ताईंचा दिवस त्या अर्ध्या तासासाठीच उजाडायचा. टेलिफोन एक्सचेंजमध्ये बत्तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिलेल्या बाईला निवृत्तीत शांतता सोसत नाही.

बुधवारी तातडीची सभा झाली. अध्यक्ष भास्करराव मोकाशी हे निवृत्त तहसीलदार. निवृत्त फक्त पगारातून, स्वभावातून नाही.

"विनाकारण प्रक्षेपण करणारा रिपीटर बंद ठेवावा लागतो," ते म्हणाले. "रविवारी संध्याकाळी सहापर्यंत उचकी थांबली नाही, तर मी स्वतः टेकडीवर जाऊन वायर काढीन."

"आणि पुन्हा कधी लावाल?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"ते पुढच्या सभेत ठरवू."

सगळ्यांनी वर पाहिलं. कार्यालयातल्या बंद पंख्याचा विषयसुद्धा पुढच्या सभेत होता, आणि त्याला सहा वर्षं झाली होती.

आधी वैद्यकीय तपासणी झाली. सभासदांपैकी डॉ. शहानूर मुजावर हे जनावरांचे डॉक्टर. त्यांनी टेकडीवर जाऊन पेटीला स्टेथोस्कोप लावला. "प्रकृती ठणठणीत आहे. बारा व्होल्ट व्यवस्थित घेतोय," असा लेखी अहवाल त्यांनी दिला. पाणी पाजण्याचा उपाय शॉर्टसर्किटच्या कारणाने फेटाळण्यात आला. चिमूटभर साखर ठेवून पाहिली, तर मुंग्या झाल्या. शेवटी दचकवायचं ठरलं. पिठाची गिरणी चालवणारे दिनकर तोडकर पेटीमागे दबा धरून बसले आणि त्यांनी कागदी पिशवी फुगवून फाडकन फोडली. रिपीटरने कर्तव्याला जागून तो आवाज सगळ्या गावांना मोठ्याने सांगितला. धरणाच्या वसाहतीत एकाच्या हातातला चहा सांडला. उचकी होती तिथेच राहिली.

"कुणीतरी आठवण काढतंय त्याची," प्रमिलाताई म्हणाल्या.

कुणालाच नवल वाटलं नाही. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, एवढंच वाईट वाटलं.

मग रीतीप्रमाणे नावं घेणं आलं. ज्याच्या नावाला उचकी थांबेल, तो आठवण काढणारा. गुरुवारी दुपारी कार्यालयात सेट लावून प्रमिलाताईंनी यादी वाचायला घेतली. आजी सभासद झाले, माजी झाले, पुण्याला मुलाकडे गेलेले झाले. दिवंगतांचीही नावं घ्यावीत, मात्र आधी 'कैलासवासी' लावावं, असं भास्कररावांनी सुचवलं. चौऱ्याऐंशी नावं झाली आणि प्रत्येक नावापुढे रिपीटरने 'हिक्' अशी नकाराची नोंद केली.

"ताई, आपन समदी मानसांची नावं घ्यायलोय," तोडकर म्हणाले. "पर त्यो काय मानूस हाय व्हय?"

प्रमिलाताईंनी यादी मिटली. त्यांनी माईक जवळ घेतला आणि हळूच म्हटलं, "आंबेखोल."

उचकी थांबली. मिनिट गेलं, दोन गेली, तरी वाहिनी शांत.

सोळा वर्षांपूर्वी त्या टेबलावर एक नाही, दोन रिपीटर बांधले गेले होते. एकाच वेळी, एकाच डाग देण्याच्या कथिलाने. दोन महिने ते शेजारी शेजारी उभे होते. मग ठराव क्रमांक चौदा मंजूर झाला आणि दुसरा रिपीटर कोकणातल्या आंबेखोल मंडळाला भेट म्हणून गेला, एसटीच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून. ठराव प्रमिलाताईंनीच लिहिला होता.

"भावंडांची ताटातूट माझ्याच सहीने झाली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी उघडपणे पदराने डोळे पुसले. "एकदा विचारायला हवं होतं हो."

आंबेखोलचे सचिव सुहास खोबरेकर यांना फोन लागला.

"तुमचा रिपीटर बरा आहे ना?"

"काय सांगू बाय तुमका," खोबरेकर म्हणाले. "मंगळवारसून गप आसा. आयकता सगळा, पण फुडे कायएक बोलणा नाय. आमी तिघेच उरलंव आता. रविवारी तेका डोंगरावरसून खाली हाडूचा ठरलाहा."

"हे त्याला ठाऊक आहे का?"

"सभा तेच्याच चॅनेलार झाली गे बाय. मंगळवारी सकाळी, साडेधा वाजता."

एवढ्यात 'हिक्' झालं. नाव घेतल्याचा गुण अकरा मिनिटं टिकला होता. आठवण नावाने भागत नाही, भेटच व्हावी लागते. पण मध्ये सह्याद्री आडवा, आणि रेडिओच्या लहरी काही घाट उतरत नाहीत. उरलं इंटरनेट.

तोडकरांच्या गिरणीत वजनकाट्याशेजारी पीठ पांघरलेला एक संगणक होता. रिपीटर एकमेकांना इंटरनेटवरून जोडणारं सॉफ्टवेअर त्यांनी त्याच्यावर उतरवून घेतलं आणि फोन करून खोबरेकरांनाही बसवायला लावलं.

"किंमत?" भास्कररावांनी विचारलं.

"कायबी न्हाई."

"फुकट आहे म्हणजे नक्कीच काहीतरी खोट असणार."

"फुकाट म्हनू नका साहेब, उघडं हाय. शेजारनीनं लोनच्याची बरनी दिली आन् वर कृतीबी लिहून दिली, तसं. वाचा, मीठ कमी-जास्त करा. फकस्त काय बदललं ते सगळ्यांना सांगायचं, येवढीच रीत."

कृती दिली आहे म्हटल्यावर प्रमिलाताई ती वाचल्याशिवाय सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. शुक्रवारी त्या चष्मा घेऊन गिरणीत बसल्या; शनिवारी दुपारी त्यांना प्रोग्राममधली एक ओळ खटकली. अर्ध्या सेकंदाहून लहान आवाज म्हणजे खरखर, तो पुढे पाठवू नये, असं तिथे लिहिलं होतं.

"म्हणजे एकाची उचकी दुसऱ्याला पोचणारच नाही!" त्या म्हणाल्या. "मग भेट कसली?"

ओळ बदलण्यात आली. रीतीप्रमाणे बदल हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या-वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना कळवला आणि कारणाच्या रकान्यात 'रिपीटरला उचकी लागते' असं लिहिलं. रविवारी सकाळी फिनलंडहून उत्तर आलं. बदल स्वीकारला होता. त्यांच्या एका रिपीटरलाही दोन वर्षं हाच त्रास होता; त्यांना वाटलं होतं, थंडीने असेल.

संध्याकाळचे पावणेसहा झाले तेव्हा भास्करराव पक्कड घेऊन टेकडीवर पेटीसमोर उभे होते. तिकडे खोबरेकरांनीही शिडी लावली होती. खाली गिरणीत जोडणी काही केल्या लागेना. तोडकरांचा तीनदा घाम पुसून झाला. प्रमिलाताईंनी देवाचं नाव घेतलं नाही, पुन्हा एकदा 'आंबेखोल' म्हटलं. सहाला चार मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरवी खूण आली.

माळवंडच्या रिपीटरने 'हिक्' केलं.

पलीकडून अगदी बारीक 'हिक्' आलं.

त्यानंतर दोघंही वाहिनी उघडी धरून नुसते थांबले. आणि मग आंबेखोलच्या रिपीटरला कंठ फुटला. मंगळवारपासून ऐकलेलं आणि पोटात ठेवलेलं सगळं त्याने एका दमात सांगायला घेतलं. सुरमय खूप गावलीहा. गो, भात घाल, मी येतंय. पंप बंद कर रे मेल्या. बाबल्याक झील झालो! सहा दिवसांची खबरबात अख्ख्या घाटमाथ्यावर धो धो ऐकू आली. गिरणीत हशा पिकला, धरणाच्या वसाहतीतून टाळ्या ऐकू आल्या आणि प्रमिलाताई एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. उचकी थांबली होती. भास्कररावांनी पक्कड खिशात घातली आणि खोबरेकर शिडीवरून उतरले ते बाबल्याकडे पेढे मागायलाच गेले.

त्या दिवशी सहाला वाहिनीवर चौदा माणसं होती.

पुढच्या सभेत ठरलं, की रोज पावणेसहा ते सहा ही वेळ दोन्ही रिपीटरांसाठी राखून ठेवावी. त्या वेळात सभासदांनी बोलू नये आणि ऐकूही नये. प्रमिलाताई तेव्हा सेटचा आवाज पूर्ण बंद करून गॅलरीत जाऊन बसत.

महिन्याभराने भास्कररावांचं घड्याळ पुढे गेलं आणि त्यांनी चुकून दहा मिनिटं आधी सेट लावला. सभेत त्यांनी ते स्वतःच कबूल केलं.

"काय बोलत होते?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

भास्कररावांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "घरगुती आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी घसा खाकरला आणि राखीव वेळ पाव तासाऐवजी अर्धा तास करावा, असा ठराव मांडला.