पंधरावी भेली

ही गोष्ट मी कोणाला सांगायची नाही असं ठरलं आहे. एकदा नाही, चार वेळा ठरलं आहे. आधी तात्यांनी बजावलं, मग आईनं, मग यज्ञेश्वरकाकांनी, आणि शेवटी तिघांनी मिळून. मी मुळातच कमी बोलते. वर्गात बाईंनी नाव विचारलं तरी "जयू" म्हणेपर्यंत हजेरी पुढे सरकलेली असते. त्यामुळे घरातलं कुठलंही गुपित माझ्यापाशी तिजोरीत ठेवल्यासारखं राहतं असा सगळ्यांचा समज आहे. मात्र लिहायचं नाही असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही.

तात्या म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. गेल्या संक्रांतीपर्यंत त्यांचं वजन अडीच मण होतं. आमच्या गावातल्या देवास गेट नाक्यावरचा तांगेवाला त्यांना बघून म्हणायचा, "बाबूजी, बैठ तो जाओ, पर एक बार घोड़े से पूछ लूँ." पुढे त्यांच्या पोटात व्रण झाला आणि इंदूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून निम्मं पोट काढून टाकलं. आई त्या दिवशी गल्लीतल्या दत्तमंदिरात बसून होती. तिनं नवस बोलला की हे सुखरूप परत आले तर ह्यांची गुळाची तुला करीन. एका पारड्यात तात्या, दुसऱ्यात गूळ, आणि काटा सरळ झाला की तो सगळा गूळ प्रसाद म्हणून वाटायचा.

तात्या सुखरूप परत आले, आणि पाच महिन्यांत पावणेदोन मणांवर आले. डॉक्टरांनी निरोप देताना सांगितलं होतं, "आता ताट निम्मं. पोट लहान केलंय, पण सवय लावाल तसं ते पुन्हा पसरतं. दोन मणांच्या वर गेलात तर मला परत उघडावं लागेल."

हे "परत उघडावं लागेल" तात्यांच्या मनात घर करून बसलं. (डॉक्टर पोटाबद्दल बोलत होते, पण ते ऐकताना तात्यांचा हात गळ्याकडे गेला होता.)

तरी भीतीपेक्षा अभिमान मोठा होता. तात्यांनी जुना काळा कोट मुद्दाम तसाच ठेवला. टावर चौकात ओळखीचं कोणी दिसलं की ते कोटाची सगळी बटणं लावून म्हणायचे, "घाला, हात घाला आत. अहो, संकोच कसला? दोन्ही हात घाला!" एकदा त्यांनी पोस्टमनलाही हात घालायला लावला. तो बिचारा रजिस्टर पत्रावर सही घ्यायला आला होता.

आईचं म्हणणं होतं की तुला ज्येष्ठातच उरकावी. तात्या म्हणाले, "घाई कसली? दसऱ्याला करू. तोवर मी आणखी उतरेन. लोकांना बघू दे."

त्यांच्या या एका वाक्यानं घात केला. कारण दसऱ्यापर्यंत तात्या उतरायच्या आत मध्यभारतच उतरणीला लागला. एक नोव्हेंबरपासून आमचं राज्य नव्या मध्यप्रदेशात जाणार आणि राजधानी भोपाळला होणार असं पक्कं झालं. कचेरीतल्या कोणाची बदली भोपाळला, कोणाची ग्वाल्हेरला, कोणाची कुठे ते कोणालाच माहीत नाही. मग निरोपसमारंभ सुरू झाले. हेडक्लार्क म्हणून प्रत्येक समारंभात भाषण तात्यांचं, आणि भाषणानंतर पहिलं ताट तात्यांचं. मालव्यात निरोप म्हणजे दाल-बाफले, आणि बाफला म्हणजे तुपात बुडवून काढलेला कणकेचा गोळा. बाहेर राज्य विलीन होत होतं आणि आत बाफले विलीन होत होते.

तात्या नियम मोडत नव्हते, हे मी आवर्जून लिहिते. ताट निम्मंच खायचे. पण ताटात टाकलं तर यजमानाचा अपमान. म्हणून ते मला सोबत न्यायचे आणि उरलेलं निम्मं हळूच माझ्याकडे सरकवायचे, "जयू, एवढं घे गं बाळ." मी घ्यायची. अडचण एवढीच, की एका दिवशी दोन समारंभ असले तर दोन निम्म्यांचं तात्यांचं एक अख्खं व्हायचं. तिसरा असला तर काय व्हायचं ते हेडक्लार्कना नक्कीच कळत होतं, पण ते त्याचा विचार करत नव्हते.

आणि गणपतीच्या सुमारास कोट भरू लागला.

"धोब्यानं आटवला," तात्या म्हणाले.

"लोकरीचा कोट कधी धोब्याकडे गेला हो?" आईनं विचारलं.

"मग हवेनं आटला असेल."

यज्ञेश्वरकाका, म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, हसून लोळले. काका पूर्वी आखाड्यात जायचे आणि अजून तसेच बोलतात. "दादा, कोट आटत नाही, माणूस फैलतो. दसऱ्याला सारी गल्ली बघणार आहे. सोळा भेल्या लागतात की नाही बघ!"

इथे हिशेब सांगते. गुळाची एक भेली पाच शेरांची. चौदा भेल्या म्हणजे पावणेदोन मण, ज्याचा तात्यांनी डंका पिटला होता. सोळा म्हणजे दोन मण, म्हणजे डॉक्टरांची सुरी. तात्या त्या दिवसापासून सोळा हा आकडा उच्चारेनासे झाले. कचेरीत सोळा तारीख आली तेव्हा त्यांनी "पंधराच्या पुढची" असं लिहायला सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पारडं सजवायचं काम माझ्याकडे आलं. माझा हात नीटस आहे म्हणून. मंदिराच्या मंडपात मोठा तराजू टांगला होता. गुळाच्या पारड्यात केळीची पानं अंथरायची, वर पिवळा पंचा, कडेनं झेंडूची माळ.

मी पानं पुसत होते तेवढ्यात तात्या आले. इकडेतिकडे बघून त्यांनी कापडात गुंडाळलेली एक जड वस्तू ठेवली. ती आमच्या जात्याची खालची तळी होती. "जयू, ही पानांखाली घाल. बरोब्बर दहा शेर आहे. दोन भेल्या कमी लागतील. फसवणूक नाही हो, जरासा आधार. कोणाला बोलायचं नाही. आईला तर मुळीच नाही. शपथ?"

मी मान हलवली.

ते गेले आणि आई आली. तिच्या डोक्यावरच्या टोपलीत पाटा होता, चटणी वाटायचा. "हे बघ, ह्यांचा चारचौघांत पाणउतारा झालेला मला बघवणार नाही. दहा शेरांचा आहे. घाल खाली. ह्यांना कळलं तर जीव देतील. कोणाला बोलायचं नाही."

मी मान हलवली.

आई गेली आणि काका आले. काखेत आखाड्यातले लोखंडी डंबेल्स, पाच पाच शेरांचे दोन. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मी मजाक करतो ते वेगळं. पण दादाच तो आपला. रात-रात जागतो तो त्या सुरीच्या धाकानं. घाल गुपचूप. मी दिले असं कोणाला बोललीस तर याद राख."

मी तिसऱ्यांदा मान हलवली. आता कोणी विचारेल, तू एकाला दुसऱ्याचं सांगितलं का नाहीस? तिघांना वचन दिलं होतं ना! मी तिन्ही वस्तू पानांखाली इतक्या नीट मांडल्या की वरून पंचा अगदी सपाट दिसत होता. मला माझ्या कामाचा अभिमानही वाटला.

दसऱ्याला सकाळी मंडप भरला. कचेरीतली मंडळी, शेजारच्या शोभाताई, माहेरपणाला आलेली कुसुमआत्या, सगळे हजर. गुरुजींनी बघितलं तर गुळाचं रिकामं पारडं जमिनीला टेकलेलं आणि तात्यांचं हवेत.

"हे असं का?" गुरुजींनी विचारलं.

"जमीन वाकडी आहे," तात्या म्हणाले.

"दोरी भिजली असेल," आई म्हणाली.

"देवाची लीला!" काका म्हणाले.

तिघं एकदम बोलले आणि तिघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं. गुरुजींना पुढे आणखी दोन पूजा होत्या, म्हणून त्यांनी मंत्र सुरू केले. तात्या स्टुलावरून पारड्यात चढले आणि खाली आले. भेल्या चढू लागल्या. एक, दोन, तीन. तात्यांनी डोळे मिटले होते. सहा, सात, आठ.

नववी भेली ठेवली आणि तात्या वर उचलले गेले.

तात्यांनी डोळे उघडून आधी विजयी हास्य केलं. मग हळूहळू ते हास्य वितळलं. त्यांच्या मनात चाललेला हिशेब मला खालून वाचता येत होता: नऊ भेल्या, अधिक माझी जात्याची तळी, म्हणजे अकरा. अकराच? आईच्या तोंडावर तोच हिशेब पाट्याचा, काकांच्या तोंडावर डंबेल्सचा. आणि बाकीच्यांना तर नवाच्या पुढे काही नव्हतंच.

"अगं बाई, अर्धेसुद्धा उरले नाहीत!" शोभाताई ओरडल्या.

"दादा रे!" म्हणून कुसुमआत्येनं हंबरडा फोडला.

"उरलेलं पोट मला आतून खातंय," तात्या हवेतून क्षीण आवाजात म्हणाले.

"तांगा बोलवा! आत्ताच्या आत्ता इंदूरला चला," आई रडू लागली.

"पहले कुछ खिलाओ उसको!" काका गरजले. त्याबरोबर कोणी पेढा, कोणी नैवेद्याचा शिरा, कोणी गुळाचा खडा घेऊन धावलं. तात्या लोंबकळताहेत आणि चारी बाजूंनी त्यांच्या तोंडात गोड कोंबलं जातंय, असं दृश्य मी पुन्हा बघेन असं वाटत नाही. घासांच्या मधेमधे ते "निम्मं! निम्मं!" म्हणत होते.

मला रडू आलं. मंडपात साठ-सत्तर माणसं होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शिवाय तीन शपथा. तेव्हा सुचलं, की शपथ बोलायचं नाही अशी होती, दाखवायचं नाही अशी नव्हती. मी पुढे झाले. एकेक भेली उचलून खाली मांडली, तसतसे तात्या खाली येऊन जमिनीला टेकले. पंचा काढला, नीट घडी केली. केळीची पानं उचलली.

सगळ्यांनी आधी आत बघितलं आणि मग माझ्याकडे. गुरुजींचे डोळे मोठे झाले. "मुली, हा काय प्रकार?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात समोरच्या पारड्यातून आवाज आला, कचेरीत फाइल मागताना यायचा तसा खणखणीत.

"गुरुजी, तिला विचारू नका. ती जात्याची तळी माझी. मी भ्यालो होतो. पोरीनं बापाचं ऐकलं."

आईनं पदर सारखा केला. "पाटा माझा आहे."

काकांनी मिशीवर हात फिरवला. "डंबेल्सवर माझं नावच आहे."

मग तिघं एकमेकांकडे बघून जे हसले, ते बघून गुरुजीही हसले. मला तिघांचाही फार अभिमान वाटला. आमच्या गल्लीत अशी कबुली फक्त मुलं देतात, तीही छडी बघून.

"आता खरं तोला," तात्या म्हणाले. आवाज खणखणीत होता, पण पारड्याची दोरी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मला ते दिसलं आणि मी दोरीच्या दुसऱ्या बाजूनं त्यांचं बोट धरलं.

तिन्ही वस्तू बाहेर निघाल्या आणि भेल्या पुन्हा चढू लागल्या. दहा. बारा. तेरा. चौदावी ठेवली. तात्या जागचे हलले नाहीत. गुरुजींनी पंधरावी ठेवली आणि सोळावी हातात घेऊन थांबले. पारडं डुललं, कुरकुरलं, उचललं गेलं, आणि काटा मधोमध सरळ उभा राहिला.

"पंधरा!" काका असे ओरडले की मंदिरावरची कबुतरं उडाली.

तात्यांनी डोळे पुसले आणि कचेरीतल्या मंडळींकडे बघितलं. "मंडळी, चौदा भेल्या माझ्या. ही पंधरावी मध्यभारत सरकारची. नव्या राज्यात मी ती सोबत नेणार नाही."

टाळ्या थांबेनात. खरोखर, त्या दिवसापासून तात्यांनी सारे निरोपसमारंभ उभ्यानं, नुसतं पाणी पिऊन केले. फक्त ही गोष्ट भोपाळच्या नव्या साहेबांपर्यंत जायला नको, एवढं आता तिघांचंही म्हणणं आहे.

खरं म्हणजे मला इथेच थांबता आलं असतं. पण मी नीट आणि पुरतं लिहिणारी मुलगी आहे. प्रसाद वाटण्याआधी काका म्हणाले, "अरे, जिनं तीन तीन गुपितं पेलली तिचंही वजन होऊ द्या!" आणि मला उचलून पारड्यात बसवलं. जूनमध्ये शाळेत माझं वजन मोजून आठ भेल्यांइतकं भरलं होतं. मी निश्चिंत होते. आठवी ठेवली. मी हलले नाही. नववी ठेवली. दहावी ठेवली. तात्या एकदम खोकू लागले आणि दुसरीकडे बघू लागले, कारण ते सगळे निम्मे बाफले कुठे गेले होते ते फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मग गुरुजींनी अकरावी उचलली, काका म्हणाले, "थांबा, बारावी पण जवळ घेऊन ठेवा," आणि काटा सरळ झाला तेव्हा पारड्यात एकूण भेल्या होत्या...

आले हो आई! नाही, काही लिहीत नव्हते. हो, निम्मंच वाढ. आणि तो आकडा तर मी लिहिणारसुद्धा नाही.