ओढ साडेतीन टन

“बाबा, मी होस्टेलला गेले तर तुम्ही रडाल?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिनं भर जेवणात विचारून टाकलं. बाबा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी क्रेन चालवायचे. त्यांनी घासही थांबवला नाही. “हॅ! उलट निवांत घोरेन. तुझी टकळी बंद होईल!”

त्या दिवसापासून बाबांची झोपच उडाली. आठवड्यानं भरदुपारी पेंगत त्यांनी एक धडधाकट गाडी उचलून नेली. ती निघाली त्यांच्याच साहेबांची. आत साहेब बसलेले! साहेबांनी बजावलं, “आधी झोप तपासून या. तोवर क्रेनला हात लावायचा नाही.”

झोपेच्या दवाखान्यात बाबांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. हलायची मनाई, म्हणून फॉर्म तिनं भरायला घेतला.

“जवळच्या माणसांची ओढ किती?”

“साडेतीन टन. साखळी लावली तर चार.”

“बाबा! बरं, जवळचं माणूस दूर गेलं तर?”

“हुक नीट अडकवला नव्हता, असं समजायचं.”

मैत्रिणींना सांगायला धमाल येईल, म्हणून तिनं शब्दन्‌शब्द तसाच उतरवला. मग ती आईबरोबर बाहेर जाऊन बसली.

तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावून फॉर्म वाचला. मग म्हणाल्या, “इतकं खरं कुणी लिहीत नाही हो. माणूस सुटून जाईल अशी धास्ती असली, की कधीकधी मेंदू झोपेतही पहारा देत बसतो. ही रेघ बघा. डोळा लागला होता. बाहेर मुलगी हसली, आणि ही केवढी उसळली! कोण चाललंय दूर?”

बाबा छताकडे बघू लागले.  कुठून दुर्बुद्धी झाली आणि ते होस्टेलचं विचारलं, असं मुलीला झालं.

तेवढ्यात आई बाबांवर उखडली. “अहो, म्हणजे तुम्ही जागे असता? मग मी इतके दिवस कुणासाठी झोपल्याचं सोंग करतेय?”

“तुझी झोप मोडू नये म्हणून तर मी खोटं घोरत होतो!”

 पर्समध्ये मुलीचा फोन थरथरला. मैत्रिणी विचारत होत्या, ‘रडले का?’ तिनं फोन बंद केला, नाक पुसलं आणि कमरेवर हात ठेवले.

“ऐका दोघं. मी होस्टेलला जाणार. पण जाईपर्यंत आपल्या घरात कुणी झोपेचं सोंग घ्यायचं नाही. आजपासून मीसुद्धा घेणार नाही.”