काठ काय जमंना

आमच्या राहुरीच्या गल्लीत रंगनाथकाकांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायची सोय नव्हती. चहा राहायचा बाजूला; काका पेला खिडकीकडे धरून फिरवत बसायचे. "चमक काय बघता? चरे बघा. उजेड चऱ्यांना आडवा पळतो." तोवर निम्मा चहा लेंग्यावर सांडलेला असायचा.

नव्वदच्या दशकात काका पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवत. एका मशीनवर आम्ही टायपिंग शिकायचो, दुसऱ्यावर काका स्टीलच्या ताटलीचं चित्र काढायचे. उजेड कुठून येतो, चरे कसे आहेत, हे सगळं आकड्यांत सांगायचं; मग मशीन एकेक ओळ करत चित्र रंगवायचं. अर्धी ताटली उमटली की हमखास लाईट जायची. वायरमनचा यथेच्छ उद्धार करून काका पुन्हा पहिल्यापासून सुरू. "मधलं जमलं, पण काठ काय जमंना," ही रोजची रड.

खरी ताटली मॉनिटरला टेकवून ठेवलेली असे. ती मालतीकाकूंनी, काका घरी नसताना, शेवटची घासलेली. काकू गेल्यावर काकांनी तिला पाणी लागू दिलं नव्हतं. आम्ही तिला 'काकांचा देव' म्हणून हसायचो.

काकूंच्या वर्षश्राद्धाला गल्लीतल्या बायका मदतीला आल्या. जेवणं उरकल्यावर त्यांनी घरातलं एकूण एक भांडं घासून पालथं घातलं, तशी रीतच होती. ताटलीवर धूळ दिसली म्हणून आईनं तीही तारेच्या घासणीनं लख्ख केली.

काका ताटली घेऊन खिडकीशी गेले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. ते एवढंच म्हणाले, "वैनी, लई झ्याक घासली." पण ताटली उजेडात फिरवून ते काकूंचे चरे शोधत राहिले, तशी आई काय ते समजली आणि मटकन खाली बसली.

काकांनीच तिला उठवून मशीनसमोर नेलं. "आता ही पडद्यावरचीच राहिली. तुमी दोघी एकाच नळावर भांडी घासायच्या. तिचा हात असाच चालायचा ना?"

आईनं डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. तिचा हात आपोआप हवेत आडवा सरकू लागला, पुढे-मागे. "असाच. खांदा दुखायचा तिचा, गोल फिरवायची न्हाई. पन शेवटाला काठावरून एक फेर मारायची."

"काठावरून फेर?" काका पडद्याजवळ वाकले. "मला ठावंच न्हाई, वैनी. मी कधी नळावर बसलोच न्हाई तिच्याजवळ."

मग म्हणाले, "आता जमंल." पण कीबोर्डला त्यांनी हात लावला नाही. मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवून ते ताटलीच्या काठावरून फिरवत राहिले.